दुसऱ्या संगणकावरून प्रिंट निघत नाही: घरगुती नेटवर्कवरच्या युनिक्स प्रिंटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एका संगणकाला यूएसबी केबलने प्रिंटर जोडलेला आहे आणि दुसऱ्या लिनक्स, बीएसडी किंवा मॅकवरून त्यावर प्रिंट काढायची आहे, अशांसाठी हे पान आहे. उदाहरणांत प्रिंटर जोडलेल्या संगणकाला 'माजघर' म्हटलं आहे, लॅपटॉपला 'ओसरी' आणि प्रिंटरच्या क्यूला (छापायच्या कामांच्या रांगेला) 'लेझर'. माजघरचा आयपी पत्ता १९२.१६८.१.२५ धरला आहे. तुमच्याकडची नावं त्या जागी घाला.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. सेटिंग बदलणाऱ्या प्रत्येक कमांडच्या आधी 'सुडो' (प्रशासकाचे हक्क देणारा शब्द) लागेल, ते दर वेळी लिहिलेलं नाही.

बिघाड कुठे आहे हे आधी कसं शोधायचं?

बहुतेक जण सुरुवात ड्रायव्हर काढून परत टाकण्यापासून करतात. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. कागद बाहेर येईपर्यंत जॉब, म्हणजे छापायला पाठवलेलं एक काम, पाच ठिकाणांतून जातो: ओसरीवरची क्यू, नेटवर्क, माजघरची क्यू, माजघरवरचे फिल्टर (कागदपत्राचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम) आणि शेवटी यूएसबी केबल. तपासणी प्रिंटरकडून उलटी करत या.

आधी माजघरवर बसून एक छोटी फाइल छापा:

एलपी -डी लेझर /इटीसी/होस्ट्स

ही फाइल प्रत्येक युनिक्सवर असते आणि पाचसात ओळींचीच असते. ती छापली गेली नाही तर नेटवर्कचा काही दोष नाही, खाली 'जॉब कम्प्लीटेड दिसतो, कागद मात्र येत नाही' या प्रश्नात फिल्टर आणि यूएसबीबद्दल लिहिलं आहे तिकडे जा. छापली गेली तर ओसरीवर या आणि विचारा:

एलपीस्टॅट -एच माजघर.लोकल -पी

उत्तरात 'लेझर'चं नाव आलं तर नेटवर्क आणि परवानगी दोन्ही ठीक आहेत. मग ओसरीवरून तीच फाइल पाठवा आणि माजघरवर पाहा:

एलपीस्टॅट -डब्ल्यू ऑल -ओ

यातला डब्ल्यू मोठा. याने संपलेले आणि अडकलेले असे सगळे जॉब दिसतात. जॉब इथे आलाच नसेल तर तो ओसरीवर किंवा वाटेत अडकला आहे. आला आहे, पण कागद नाही, तर माजघरचे फिल्टर, केबल नाहीतर प्रिंटर. एवढ्या तीन कमांडींत निम्मं काम होतं.

माजघरवरून प्रिंट छान येते, पण ओसरीला प्रिंटर दिसतच नाही. का?

बहुधा शेअरिंग चालूच नसतं. आजच्या जवळपास सगळ्या युनिक्सांवर छपाईचं काम कप्स, म्हणजे कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम करते, आणि नव्याने टाकलेली कप्स फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकते. माजघरवर 'एसएस -टीएलएन' चालवून ६३१ हा पोर्ट (कप्सचं नेटवर्कवरचं दार) शोधा. त्याच्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर बाहेरच्या कुणाला आत येता येणार नाही. ०.०.०.० किंवा तारांकन हवं.

दोन कमांड लागतात, आणि लोक दुसरी विसरतात:

कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स
एलपीअ‍ॅडमिन -पी लेझर -ओ प्रिंटर-इज-शेअर्ड=ट्रू

पहिलीने सर्व्हर खुला होतो, दुसरीने ती विशिष्ट क्यू. पहिली कमांड '/इटीसी/कप्स/कप्सडी.कॉन्फ' या फाइलमधली 'लिसन लोकलहोस्ट:६३१' ही ओळ बदलून 'पोर्ट ६३१' करते आणि 'अलाउ @लोकल' घालते. हाताने बदल केलेली फाइल असेल तर आधी तिची प्रत काढून ठेवा.

'@लोकल'चा अर्थ नीट समजून घ्या: माजघरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डांना जोडलेले पत्ते, पॉइंट-टू-पॉइंट जोडण्या सोडून. म्हणून ऑफिसचा व्हीपीएन चालू असलेल्या लॅपटॉपवरून किंवा बाहेरून व्हीपीएनने घरात शिरलात तर प्रिंटर कधी गायब होतो, कधी 'फॉरबिडन' म्हणतो. प्रिंट काढण्यापुरता व्हीपीएन बंद करा, नाहीतर त्या पत्त्यांसाठी वेगळी 'अलाउ' ओळ घाला.

पिंग लागतं, तरी प्रिंटर लागत नाही. हे कसं?

पिंग म्हणजे संगणक जागा आहे का एवढंच विचारणं; पोर्ट ६३१ उघडा आहे का हे वेगळं. ओसरीवरून हे करा:

एनसी -झेडव्ही १९२.१६८.१.२५ ६३१

उत्तर कसं येतं याकडे लक्ष द्या, त्यातच निदान आहे. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर तिथे कुणी ऐकतच नाही: कप्स बंद आहे किंवा वर सांगितल्याप्रमाणे स्वतःपुरतीच चालू आहे. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग 'टाइम्ड आउट' येतं, तर फायरवॉल पाकिटं गुपचूप टाकून देतेय. आणि पिंग लागत असताना 'नो रूट टू होस्ट' आलं तर रस्त्याची शंका घेऊ नका. फेडोराच्या घराण्यातली फायरवॉलडी नकार देताना नेमकं हेच म्हणते, आणि लोक तासभर राउटर तपासत बसतात.

उबंटू-डेबियनवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू असेल तर:

यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ६३१ प्रोटो टीसीपी
यूएफडब्ल्यू अलाउ ५३५३/यूडीपी

फेडोरावर 'फायरवॉल-सीएमडी --परमनंट --अ‍ॅड-सर्व्हिस=आयपीपी', मग तसंच 'एमडीएनएस'साठी, आणि शेवटी 'फायरवॉल-सीएमडी --रीलोड'. (आयपीपी म्हणजे कप्स छपाईसाठी ६३१ वर वापरते तो प्रोटोकॉल.) रीलोड केलं नाही तर 'परमनंट' बदल लगेच लागू होत नाही. ५३५३ हा पोर्ट प्रिंटर आपोआप दिसण्यासाठी आहे, छापण्यासाठी नव्हे. क्यू आयपी पत्त्याने जोडली असेल तर त्याच्यावाचून चालतं.

आयपी पत्त्याने प्रिंट निघते, 'माजघर.लोकल' या नावाने नाही.

'.लोकल' नावं राउटरच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) माहीत नसतात. ती मल्टिकास्टने, म्हणजे सगळ्या घराला हाक मारून शोधली जातात. त्यासाठी माजघरवर 'अवाही-डेमन' चालू हवा आणि ओसरीवर 'एनएसएस-एमडीएनएस' हे पॅकेज हवं. 'गेटएंट होस्ट्स माजघर.लोकल' चालवा. काहीच आलं नाही तर ओसरीच्या '/इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ'मधली 'होस्ट्स' ही ओळ पाहा. तिच्यात 'एमडीएनएस४_मिनिमल' हा शब्द 'डीएनएस'च्या आधी यायला हवा.

नावाचा नाद सोडून आयपी पत्ता वापरला तरी चालतं, पण मग तो पत्ता कायम राहील याची सोय करा. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) पानावर माजघरच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकासाठी; अ‍ॅपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) पत्ता राखून ठेवता येतो. हे न केल्यास लाइट जाऊन आल्यावर सगळी उपकरणं एकदम जागी होतात, पत्ते अदलाबदल होतात आणि काल चाललेली क्यू आज टीव्हीला पानं पाठवू लागते.

सगळं बरोबर आहे, तरी वायफायवरून प्रिंटर दिसत नाही. केबलने दिसतो.

राउटर पाहा. तीन गोष्टी नेहमी सापडतात. ओसरी 'गेस्ट' वायफायवर आहे, आणि गेस्ट नेटवर्कचं कामच घरातली बाकीची उपकरणं लपवणं हे आहे. किंवा 'एपी आयसोलेशन' नावाचा पर्याय चालू आहे, ज्यात वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फार होते: फायबरवाल्याने बसवलेला राउटर आहेच, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण आणखी एक आणून जोडला आहे. दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. दोन्ही संगणकांवर 'आयपी अ‍ॅड्र' चालवून पाहा. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर ते दोन वेगळ्या वाड्यांत राहतात. मल्टिकास्टची हाक वाड्याबाहेर जात नाही, आणि '@लोकल'ची परवानगीही पलीकडच्याला लागू होत नाही. दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला पहिल्याच्या रांगेतला मोकळा पत्ता द्या आणि पहिल्याकडून येणारी केबल 'वॅन'ऐवजी 'लॅन'च्या भोकात घाला.

'बॅड रिक्वेस्ट', 'फॉरबिडन', 'अनऑथराइज्ड' यांत फरक काय?

बॅड रिक्वेस्ट, म्हणजे ४००: तुम्ही ज्या नावाने हाक मारली ते माजघरला स्वतःचं वाटत नाही. राउटरवर किंवा होस्ट्स फाइलमध्ये टोपणनाव दिलं असेल तर हमखास येतं. कप्सडी.कॉन्फमध्ये 'सर्व्हरअलियास' पुढे ते नाव लिहा. तारांकन टाकूनही काम होतं, पण ती ढिलाई आहे.

फॉरबिडन, ४०३: पोहोचलात, पण तुमचा पत्ता परवानगीच्या यादीत नाही. 'लोकेशन /' या भागातल्या 'अलाउ' ओळी पाहा. अनऑथराइज्ड, ४०१: छापायला हरकत नाही, पण क्यू बदलायचा हक्क नाही. डेबियन घराण्यात त्यासाठी माजघरवरच्या खात्याला 'एलपीअ‍ॅडमिन' गटात घालावं लागतं: 'यूजरमॉड -एजी एलपीअ‍ॅडमिन' आणि पुढे खात्याचं नाव. यातला ए लहान आणि जी मोठा. ए विसरलात तर ते खातं बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतं, सुडोच्या गटातूनसुद्धा, आणि मग प्रिंटरपेक्षा मोठा घोळ निस्तरावा लागतो.

ओसरीवर क्यू जोडायची बरोबर पद्धत कोणती?

आधी 'एलपीस्टॅट -ई' चालवून पाहा. कप्सच्या नव्या आवृत्त्या नेटवर्कवर शेअर केलेले प्रिंटर स्वतःच शोधतात आणि लागेल तेव्हा तात्पुरती क्यू उभी करतात. अशी क्यू 'एलपीस्टॅट -पी'मध्ये दिसेलच असं नाही, म्हणून ती नाहीच असं समजून लोक तीच परत जोडतात. मग यादीत दोन-दोन 'लेझर' येतात.

ती दिसत नसेल किंवा मधूनमधून गायब होत असेल तर पक्की क्यू जोडा:

एलपीअ‍ॅडमिन -पी लेझर -ई -व्ही आयपीपी://माजघर.लोकल/प्रिंटर्स/लेझर -एम एव्हरीव्हेअर

इथे 'ई' मोठी आहे आणि तिची जागा महत्त्वाची आहे. '-पी लेझर'च्या नंतर आली तर अर्थ 'क्यू चालू कर', आधी आली तर अर्थ 'जोडणी एन्क्रिप्ट कर'. चुकून आधी लिहिली तर क्यू तयार होते, यादीत दिसते आणि एकही जॉब घेत नाही. तसं झालं असेल तर 'कप्सएनेबल लेझर' आणि 'कप्सअ‍ॅक्सेप्ट लेझर' या दोन कमांड द्या.

पत्त्यातला 'प्रिंटर्स' हा शब्दही गाळू नका. त्याच्यापुढे माजघरवरचं क्यूचं नाव जसंच्या तसं हवं, कंपनीने ठेवलेलं प्रिंटरचं नाव नको.

प्रिंटर पानामागून पान अगम्य अक्षरं छापत सुटला आहे!

कागदाचा ट्रे बाहेर ओढा. मग माजघरवर 'कॅन्सल -ए -एक्स' द्या, तशीच ओसरीवर द्या, आणि प्रिंटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा. एकाच ठिकाणचे जॉब रद्द केले तर दुसरीकडून ते परत येतात.

आता कारण. एखाद्या पानावरची पहिली ओळ वाचा. तिथे '%!पीएस-अ‍ॅडोबी' किंवा '@पीजेएल' असं काही असेल तर प्रिंटरला समजत नसलेली भाषा त्याने साधा मजकूर म्हणून छापली आहे. याचं नेहमीचं मूळ म्हणजे ड्रायव्हर दोन्हीकडे टाकलेला असणं. ओसरी कागदपत्राचं रूपांतर प्रिंटरच्या भाषेत करून पाठवते, माजघर त्या रूपांतरालाच कागदपत्र समजून त्याचं पुन्हा रूपांतर करतं.

नियम एकच पाळा: ड्रायव्हर फक्त माजघरवर. ओसरीवर 'एव्हरीव्हेअर', म्हणजे ड्रायव्हरशिवायची क्यू. ओसरी पीडीएफसारखं सर्वसाधारण रूप पाठवेल आणि प्रिंटरचे लाड माजघर पुरवेल. माजघरवर 'रॉ' (आलेलं काहीही न बदलता प्रिंटरला देणारी) क्यू ठेवून ड्रायव्हर ओसरीवर टाकण्याची जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी अजून सांगितली जाते. ती चालते, पण घरात चार संगणक असले तर चार ठिकाणी ड्रायव्हर सांभाळावा लागतो, आणि कप्सने 'रॉ' क्यू मोडीत काढायच्या यादीत घातल्या आहेत.

जॉब 'कम्प्लीटेड' दिसतो, कागद मात्र येत नाही.

'कम्प्लीटेड' म्हणजे कप्सने बाइट पुढे ढकलले, एवढंच. नोंदी बोलत्या करा:

कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग

एक जॉब पाठवा आणि '/व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग' वाचा. काही डिस्ट्रोंत ही फाइल रिकामी असते, तिथे 'जर्नलसीटीएल -यू कप्स' पाहा. काम झालं की '--नो-डीबग-लॉगिंग' द्या, नाहीतर नोंदींचा ढीग होईल.

'फिल्टर फेल्ड' दिसलं तर त्याच्या वरच्या दहाबारा ओळी वाचा, खरं कारण तिथे असतं. माजघर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक वापरणाऱ्यांना बसणारा फटका असा: कंपनीने दिलेला ड्रायव्हर इंटेलच्या प्रोसेसरसाठी बांधलेला असतो, पायचा प्रोसेसर एआरएम. फाइल जागेवर असते, पण चालू शकत नाही. कॅनन एलबीपी २९०० हा आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा प्रिंटर याच जातीचा आहे. तो 'कॅप्ट' नावाची कंपनीची खास भाषा बोलतो, आणि कॅननचा लिनक्स ड्रायव्हर एआरएमवर चालत नाही. त्याच्यासाठी जुना इंटेलवाला डेस्कटॉप माजघर करणं हा कमी डोकेदुखीचा मार्ग.

तितकाच लाडका एचपी लेझरजेट १०२०. याचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) प्रिंटरमध्ये कायमचं नसतं. दर वेळी चालू केल्यावर संगणकाला ते पाठवावं लागतं, आणि ते मिळेपर्यंत प्रिंटर जॉब गिळतो, दिवासुद्धा लुकलुकत नाही. एचपीच्या 'एचपीलिप' पॅकेजबरोबर 'एचपी-प्लगइन' चालवलं की हे आपोआप व्हायला लागतं. एक मेख आहे: प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. सिस्टिम अपडेट केल्यावर एचपीलिप पुढे जातं, प्लगइन मागे राहतं आणि प्रिंटर बंद पडतो. अपडेटनंतर 'एचपी-प्लगइन' पुन्हा चालवा.

नव्या मल्टिफंक्शन प्रिंटरांची तऱ्हा उलटी आहे. नोंदींत 'वेटिंग फॉर प्रिंटर टू बिकम अव्हेलेबल' एवढंच येत राहतं, आणि 'एलएसयूएसबी'त तर प्रिंटर स्पष्ट दिसतो. इथे 'आयपीपी-यूएसबी' ही सेवा प्रिंटर आपल्या ताब्यात घेऊन बसलेली असते, त्यामुळे 'यूएसबी://' ने सुरू होणाऱ्या जुन्या क्यूला तो मिळत नाही. माजघरच्या ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६००००' उघडा. प्रिंटरचं स्वतःचं पान दिसलं तर निदान पक्कं. जुनी क्यू पुसून ड्रायव्हरशिवायची जोडा. आयपीपी-यूएसबी बंद करूनही भागतं, पण मग ड्रायव्हर शोधणं आलं.

प्रिंटरचा दिवा लुकलुकतोय, ट्रेमध्ये कागद भरलेला आहे.

बहुधा प्रिंटर लेटर आकाराच्या कागदाची वाट पाहतोय. लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. संगणक इंग्रजी-अमेरिका भाषेत बसवला असेल तर लेटर हाच मूळ आकार धरला जातो. प्रिंटरचं बटण दाबलं की पान निघतं, पण वरखाली कापलेलं.

आकार दोन्हीकडे बदला. माजघरवर 'एलपीअ‍ॅडमिन -पी लेझर -ओ पेजसाइझ=ए४', यात पी, एस आणि ए मोठे. ओसरीवर 'एलपीऑप्शन्स -पी लेझर -ओ मीडिया=ए४'. तरीही लेटर येत असेल तर दोष कागदपत्रात आहे: लिबरऑफिसमध्ये 'पेज स्टाइल'मध्ये आणि ब्राउझरच्या प्रिंट खिडकीत आकार वेगळा धरलेला असतो.

लाइट जाऊन आली की प्रिंटर 'पॉज्ड' होतो. दर वेळी हाताने चालू करायचा का?

प्रिंटर जागेवर नसताना जॉब आला तर क्यू थांबवायची, हे कप्सचं मूळ धोरण आहे. लाइट आल्यावर माजघर आधी उठतं, प्रिंटरचं बटण कुणी दाबलेलं नसतं, तेवढ्यात राहिलेला जॉब सुटतो आणि क्यू बंद होते. आत्तापुरतं 'कप्सएनेबल लेझर' द्या. कायमचं:

एलपीअ‍ॅडमिन -पी लेझर -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रीट्राय-जॉब

यानंतर कप्स थोड्या थोड्या वेळाने स्वतःच प्रयत्न करते. मूळ सेटिंग ३० सेकंदांचं अंतर आणि ५ प्रयत्न असं आहे. प्रिंटर उशिरा चालू होत असेल तर कप्सडी.कॉन्फमध्ये 'जॉबरीट्रायइंटरव्हल' १२० करा. ओसरीवरच्या क्यूलाही हेच धोरण लावा, कारण माजघर बंद असताना तीही थांबून बसते.

माजघर फॉरमॅट करून पुन्हा बसवलं. नाव तेच, पत्ता तोच, तरी ओसरी जोडत नाही.

माजघरचं एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्र नवीन झालं. ओसरीने पहिल्या भेटीत जुनं लक्षात ठेवलं होतं आणि आता तिला समोरचा तोतया वाटतोय. ओसरीवर '/इटीसी/कप्स/एसएसएल' आणि घरच्या फोल्डरमधलं '.कप्स/एसएसएल' पाहा, माजघरच्या नावाची '.सीआरटी' फाइल तेवढी पुसा आणि कप्स पुन्हा सुरू करा.

मराठी मजकूर चौकोनांत येतो, किंवा जोडाक्षरं तुटतात.

साधी टेक्स्ट फाइल 'एलपी'ला दिली की तिचं पीडीएफ कप्सचा फिल्टर करतो, आणि त्याला देवनागरीची जुळणी येत नाही. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, 'क्ष'चा 'क्‌ष' होतो. फॉन्टच नसेल तर नुसते चौकोन. माजघरवर फॉन्ट टाकल्याने चौकोन जातील, जुळणी सुधारणार नाही. 'पॅप्स' नावाचा छोटा प्रोग्राम ओसरीवर टाका:

पॅप्स --पेपर=ए४ --फॉन्ट="नोटो सॅन्स देवनागरी १२" यादी.टीएक्सटी | एलपी -डी लेझर

हा अक्षरांची जुळणी करणारी पँगो ही लायब्ररी वापरतो, त्यामुळे पडद्यावर दिसतं तसंच कागदावर येतं. फॉन्टच्या नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा.

पीडीएफ असून बिघडत असेल तर 'पीडीएफफॉन्ट्स फाइल.पीडीएफ' चालवून 'ईएमबी' हा रकाना पाहा. तिथे 'नो' असेल तर फॉन्ट फाइलमध्ये नाही, आणि माजघर हाताला लागेल तो फॉन्ट लावतं. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये केलेल्या लग्नपत्रिका आणि सोसायटीच्या नोटिसा अशाच रोमन अक्षरांचा काला होऊन छापल्या जातात. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथूनच पुन्हा पीडीएफ करून घ्या.

पहिलं पान यायला दोन-तीन मिनिटं लागतात.

माजघर गणित करतंय. ए४ पान ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) सुमारे ४,९६० बाय ७,०१६ ठिपक्यांचं, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी ठिपके. करड्या छटांत एका ठिपक्याला एक बाइट धरला तर ३५ एमबी, १,२०० डीपीआयला त्याच्या चौपट. जुन्या पायची मेमरी तिथेच संपते. रिझोल्यूशन ६०० किंवा ३०० करा. रोजच्या कागदपत्रांत फरक ओळखू येत नाही.

प्रत्येक जॉबला, अगदी एका ओळीच्या फाइललाही, तेवढाच ठरावीक उशीर होत असेल तर ते गणित नव्हे, नाव शोधण्यातला उशीर आहे. क्यूमध्ये नावाऐवजी आयपी पत्ता घालून पाहा.

फ्रीबीएसडीवरून जमत नाही. तिथे 'एलपीआर' आहे की.

आहे, पण तो वेगळा. फ्रीबीएसडीच्या मूळ सिस्टिममध्ये बर्कलीचा जुना एलपीडी (कप्सच्या आधीची छपाई सेवा; एलपीआर ही तिची कमांड) येतो. पॅकेजमधून कप्स टाकली तरी '/यूएसआर/बिन'मधला जुना एलपीआर आधी सापडतो, आणि कप्सचा '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये बसून राहतो. 'विच एलपीआर' चालवून पाहा. पाथचा क्रम बदला किंवा पूर्ण पत्ता लिहा.

जुना एलपीडीच वापरायचा असेल तर माजघरवर 'कप्स-एलपीडी' चालू करावा लागतो, पोर्ट ५१५. तो कप्सडी.कॉन्फमधल्या परवानग्या पाळत नाही, म्हणून फायरवॉलने घरापुरता बांधून ठेवा. फ्रीबीएसडीच्या '/इटीसी/प्रिंटकॅप'मध्ये 'आरएम' पुढे माजघरचं नाव, 'आरपी' पुढे क्यूचं नाव, 'एसडी' पुढे स्पूलचं फोल्डर (जॉब छापेपर्यंत ठेवायची जागा), आणि मोठ्या फाइल कापल्या जाऊ नयेत म्हणून 'एमएक्स#०'. ते फोल्डर हाताने तयार करून मालकी 'डेमन'ला द्यावी लागते. 'चेकप्रिंटकॅप' ही कमांड चुका दाखवते; तिच्यात 'चेक'चं लघुरूप सी-एच-के असं आहे.

उलट दिशेने, म्हणजे प्रिंटर फ्रीबीएसडीला असताना, 'युअर होस्ट डज नॉट हॅव लाइन प्रिंटर अ‍ॅक्सेस' हा संदेश आला तर '/इटीसी/होस्ट्स.एलपीडी'मध्ये ओसरीचं नाव घाला. १९९० च्या आरएफसी ११७९ या एलपीडीचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाप्रमाणे पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ यांतलाच पोर्ट वापरायचा असतो. हे अकराच पोर्ट. भराभर पंधरावीस जॉब पाठवले की सगळे अडकून काही काळ सगळं ठप्प होतं, आणि मध्ये दुसरा राउटर असेल तर तो पोर्टच बदलून टाकतो. आमचं मत विचाराल तर आज एलपीडी फक्त तेव्हाच वापरा जेव्हा दुसरा इलाज नाही.

मॅकवर कप्सचं वेब पान उघडत नाही.

मॅकमध्येही कप्सच आहे, फक्त पान बंद ठेवलेलं असतं. टर्मिनलमध्ये 'कप्ससीटीएल वेबइंटरफेस=येस' द्या, यात डब्ल्यू आणि आय मोठे. मॅकला जोडलेला प्रिंटर लिनक्सला द्यायचा असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग इथे 'प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

बाहेरगावाहून घरी प्रिंट पाठवायला राउटरवर ६३१ उघडला तर?

उघडू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये 'कप्स-ब्राउझ्ड' या साथीदार सेवेतला दोष जाहीर झाला: बाहेरचा कुणीही तिला खोटा प्रिंटर सांगू शकत होता, आणि त्या प्रिंटरवर कुणी छापलं की संगणकावर हवी ती कमांड चालवता येत होती. घरी व्हीपीएन ठेवा आणि त्यातून या, '@लोकल'बद्दल वर लिहिलेलं लक्षात ठेवून. जुन्या काळची कप्स घरात नसेल तर कप्स-ब्राउझ्डची बहुधा गरजही नसते. 'सिस्टमसीटीएल डिसेबल --नाउ कप्स-ब्राउझ्ड' देऊन बंद करा. त्यानंतरही 'एलपीस्टॅट -ई'त लेझर दिसत असेल तर बंदच राहू द्या.

इतकं करूनही जमलं नाही. मदत मागताना काय काय द्यावं?

दोन्ही संगणकांवरचं 'एलपीस्टॅट -टी', 'कप्स-कॉन्फिग --व्हर्जन', डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, तो माजघरवरून छापतो की नाही, आणि डीबग चालू ठेवून पाठवलेल्या एकाच जॉबच्या नोंदी. 'ग्रेप' या शोधायच्या कमांडने त्या जॉबच्या क्रमांकाच्या ओळी तेवढ्या काढून द्या, अख्खी फाइल नको. देण्यापूर्वी क्यूच्या पत्त्यात पासवर्ड लिहिलेला नाही ना, एवढं पाहून घ्या.